बोट पाण्यात सोडताना ट्रकचा मागचा ॲक्सल कसा जपायचा

बोट पाण्यात सोडायला नव्याने शिकणाऱ्याचं सगळं लक्ष बोटीकडे असतं, आणि ते साहजिक आहे. ट्रेलर सरळ मागे जातोय का, बोट कुठे घासत तर नाही, दोर कुणाच्या हातात आहे, या गडबडीत ट्रकची मागची चाकं पाण्यात किती गेली हे बघायचं राहून जातं. बोट तरंगते, ट्रक वर येतो, सगळं ठीक दिसतं. बिघाड कळायला महिने जातात. मग कधीतरी वेग घेतल्यावर मागून घुंऽऽ असा आवाज येऊ लागतो, डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) उघडल्यावर गिअर ऑईलऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर येतं आणि बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. क्राउन-पिनियन (त्यातली गिअरची मुख्य जोडी) आणि बेअरिंग बदलणं हे मोठं काम आहे. ते टाळायला लागते थोडी समज, एक साधी रबरी नळी आणि किनाऱ्यावर थोडा धीर.

पिकअप ट्रकला बहुधा सलग ॲक्सल असतो, म्हणजे मध्ये डिफरन्शियलचा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चाकांपर्यंत गेलेल्या जाड नळ्या. हा लेख प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे. तुमच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर नळ्या नसतात, पण डिफरन्शियल, त्याचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं टोपण) आणि सील (ऑईल अडवणाऱ्या रबरी कडा) असतातच. त्यामुळे बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात. तिथे जास्तीचं एकच काम, ॲक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, हे नियमित बघणं.

पाणी आत कसं शिरतं

हे नीट समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

ॲक्सलच्या आत अर्धं ऑईल आणि वर हवा असते. जड ट्रेलर ओढत बराच वेळ गाडी चालवली की गिअरच्या घर्षणाने ऑईल तापतं आणि त्याच्याबरोबर आतली हवाही तापून फुगते. ही हवा बाहेर पडावी म्हणून ॲक्सलच्या नळीवर किंवा डिफरन्शियलच्या माथ्यावर एक छोटं टोपण असतं. तो ब्रीदर. इथपर्यंत सगळं ठीक असतं.

आता तोच तापलेला ॲक्सल तुम्ही थंड पाण्यात नेला. आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. आकड्यांत बघा. समजा आतली हवा ९० अंश सेल्सिअसवर होती आणि ती २५ अंशांपर्यंत उतरली. हवेला आत यायला कुठलीच वाट नसेल तर आतला दाब सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. ही ओढ जवळजवळ १८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी होते. प्रत्यक्षात ऑईल आणि लोखंड हळूहळू थंड होतं, त्यामुळे पाण्यातल्या दोन मिनिटांत एवढी ओढ लागणार नाही. तरी तुलना करा. ॲक्सल ३० सेंटिमीटर पाण्याखाली असेल तर खोलीमुळे पडणारा दाब फक्त ३० सेंटिमीटर पाण्याचा. म्हणजे खरा त्रास खोलीपेक्षा तापमानातल्या फरकाचा आहे. थंड ॲक्सल जरासा बुडाला तर बहुतेक वेळा निभावून जातं, तापलेला ॲक्सल बुडाला तर तो पाणी ओढून घेतो.

ही ओढ तीन ठिकाणी लागते. एक म्हणजे ब्रीदर. तो पाण्याखाली असेल आणि त्याचं टोपण झिजलेलं असेल तर पाणी सरळ आत येतं. बऱ्याच ब्रीदरचं टोपण हवा फक्त बाहेर सोडतं, आत घेत नाही. चिखलाने बुजलेला ब्रीदर तर दोन्ही वाटा बंद करतो. अशा वेळी सगळी ओढ सीलवर येते. दुसरं ठिकाण म्हणजे चाकांजवळची ऑईल सील आणि तिसरं, प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला जोडला जातो तिथलं पिनियनचं सील. या सीलची मुख्य ओठ-कडा आतल्या ऑईलला बाहेर जाऊ न देण्यासाठी घडवलेली असते. बाहेरून धूळ येऊ नये म्हणून दुसरी बारीक कडा असते, पण बाहेरून येणाऱ्या पाण्याला दाबाखाली अडवणं हे तिचं मूळ काम नाही.

एकदा पाणी आत गेलं की ते आपणहून बाहेर पडत नाही. गिअर ते ऑईलमध्ये घुसळून टाकतात. डिफरन्शियलचे गिअर एकमेकांवर मोठ्या दाबाखाली घासत फिरतात, त्यांच्यामधली ऑईलची पातळ फिल्म हाच त्यांचा आधार असतो. पाणी मिसळलेल्या ऑईलची फिल्म टिकत नाही. गाडी उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि बेअरिंगच्या रोलरवर गंज धरतो. खारं पाणी असेल तर हे सगळं फार लवकर होतं.

घरी करायची कामं

बोट घेऊन निघायच्या आधी, निवांत दिवशी, ब्रीदर शोधा. ट्रकखाली वाकून ॲक्सलच्या वरच्या बाजूला बघा. कधी नळीवर, कधी डिफरन्शियलच्या गोळ्यावर बोटाच्या पेराएवढं टोपण दिसेल. काही गाड्यांत कारखान्यातूनच तिथून एक नळी वर गेलेली असते. तशी असेल तर तिचं वरचं टोक कुठे संपतं ते शोधा, कारण कधीकधी ती चासीच्या पट्टीपर्यंतच जाते आणि तेवढी उंची पुरत नाही. टोपण असेल तर बोटाने हलवून बघा. ते सैलसर फिरायला आणि किंचित वरखाली व्हायला हवं. मातीने घट्ट बसलं असेल तर आधी आजूबाजूची घाण ब्रशने साफ करा, मगच काढा, नाहीतर तीच माती आत पडते.

आता त्या टोपणाच्या जागी नळी बसवायची. माझ्या मते ट्रेलर ओढून बोट उतरवणाऱ्या प्रत्येक ट्रकवर हे पहिलं काम व्हायला हवं, कारण खर्च अगदी थोडा आणि फायदा कायमचा. टोपण काढून त्याच आट्यांचं, नळी बसेल असं निपल लावा. आट्यांचं माप गाडीगणिक बदलतं, म्हणून जुना ब्रीदर बरोबर नेऊन त्याच्या मापाने निपल घ्या. काही ब्रीदर आट्यांचे नसून ठोकून बसवलेले असतात, तिथे त्याच भोकात बसणारं निपल मिळवावं लागतं. नळी तेल सहन करणारी हवी. आतून ८ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची, इंधनासाठी वापरतात ती रबरी नळी उत्तम. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी उष्णतेने मऊ होते, दुमडते आणि बंद पडते.

नळी वर नेताना चार गोष्टी पाळा. ॲक्सल खड्ड्यांत वरखाली नाचत असतो, म्हणून ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये नळीला भरपूर ढील ठेवा. गाडी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबकळत असतानाही नळी ताणली जाता कामा नये, हे प्रत्यक्ष उचलून बघा. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. नळी खाली झुकून वर जाईल असा झोळ कुठेही पडू देऊ नका, कारण त्यात ऑईल किंवा पाणी साचून वाट बंद होते. आणि ब्रेकच्या नळीला ती बांधू नका. वरचं टोक इंधन भरायच्या तोंडाजवळच्या पोकळीत किंवा मागच्या दिव्याच्या मागे, जिथे पाणी पोचायची शक्यता नाही अशा उंचीवर न्या. टोकाला छोटा फिल्टर किंवा जुनंच टोपण लावा आणि तोंड खाली वळवा, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही.

या नळीने दोन फायदे होतात. पाण्यात गेल्यावर ॲक्सल हवा खेचतो ती वरून, कोरडी. आणि आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहत असल्याने सीलवर ओढ येत नाही. मात्र नळी लावली म्हणून सील जलरोधक होत नाहीत. खोल पाण्याचा बाहेरचा दाब सीलवर पडतोच. म्हणून पुढच्या पायऱ्या नळी असली तरी सोडायच्या नाहीत.

त्याच दिवशी चाकांच्या आतल्या बाजूला बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा ब्रेकच्या पाट्यावर ऑईलचे ओघळ दिसले तर चाकाचं सील गेलेलं आहे. पिनियनच्या टोकाला ओलसर धूळ चिकटली असेल तर तेही. जिथून ऑईल बाहेर येतं तिथून पाणी आत जातं. अशा ट्रकने बोट उतरवायला जाऊ नका, आधी सील बदला.

उतार मोजा

बोट उतरवायचे रॅम्प सगळीकडे सारखे नसतात. साधारण १२ ते १५ टक्के उतार सोयीचा मानला जातो, म्हणजे दर मीटर मागे गेल्यावर पाणी १२ ते १५ सेंटिमीटरने खोल होतं. पण कितीतरी ठिकाणी उतार ७-८ टक्क्यांचाच असतो, आणि ॲक्सल बुडतात ते बहुधा अशाच सपाट रॅम्पवर. उतार मोजायला सोपा उपाय आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी रॅम्पवर उताराच्या दिशेने धरा, वरचं टोक जमिनीला टेकवून पट्टी पाणसळीने आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के.

आता तुमच्या ट्रकच्या तीन उंच्या लक्षात ठेवा. साधारण पिकअपमध्ये डिफरन्शियलचा तळ जमिनीपासून सुमारे २२ सेंटिमीटरवर, चाकांची आणि पिनियनची सील सुमारे ३५ सेंटिमीटरवर आणि ब्रीदर सुमारे ५० सेंटिमीटरवर असतो. स्वतःच्या गाडीवर टेप लावून हे आकडे पक्के करा. पाणी पहिल्या उंचीला पोचलं की डिफरन्शियल थंड व्हायला लागतो, दुसऱ्या उंचीला सील बुडतात, तिसऱ्याला ब्रीदर.

त्यानंतर ट्रकच्या मागच्या चाकांपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ६ मीटर आहे आणि तुमची बोट मोकळी तरंगायला ट्रेलरच्या चाकांजवळ ७५ सेंटिमीटर पाणी लागतं. उतार १४ टक्के असेल तर ट्रकची मागची चाकं पाण्याच्या काठावर असतानाच ट्रेलरची चाकं ८४ सेंटिमीटर पाण्यात असतात. बोट तरंगली, ट्रकचे टायरही भिजले नाहीत. तोच हिशोब ८ टक्के उतारावर करा. काठावर उभं राहिल्यावर ट्रेलरकडे ४८ सेंटिमीटरच पाणी येतं. उरलेले २७ सेंटिमीटर मिळवायला ट्रक आणखी मागे न्यावा लागतो आणि त्याच्या मागच्या चाकांपाशी पाणी २७ सेंटिमीटर होतं. डिफरन्शियलचा तळ बुडाला. आणि उतार ५ टक्के असेल तर? ट्रकच्या चाकांपाशी ४५ सेंटिमीटर, म्हणजे सील पाण्याखाली.

हा हिशोब घरी बसून कागदावर करता येतो. सूत्र एवढंच, की लागणाऱ्या खोलीतून अंतर आणि उतार यांचा गुणाकार वजा केला की ट्रकच्या चाकांपाशी किती पाणी असेल ते कळतं. उत्तर २० सेंटिमीटरच्या आत असेल तर निर्धास्त जा. २० ते ३० मध्ये असेल तर ॲक्सल गार करून, पटकन आत-बाहेर व्हा. ३० च्या वर असेल तर त्या रॅम्पवर तशाच पद्धतीने बोट उतरवू नका.

मग काय करायचं? समुद्र किंवा खाडी असेल तर भरतीची वेळ निवडा. भरतीला पाणी रॅम्पच्या वरच्या, बहुधा स्वच्छ आणि खडबडीत भागापर्यंत चढलेलं असतं. ओहोटीला उघडा पडणारा खालचा भाग शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो, आणि तिथेच कुठेतरी काँक्रीट संपतं. त्या कडेवरून ट्रेलरची चाकं खाली उतरली तर ती परत वर घेताना मागच्या ॲक्सलवर आणि हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागेवर) जबर झटका बसतो.

दुसरा उपाय म्हणजे ट्रेलरच्या दांड्याला जोडायचा लांबवणारा तुकडा. वरच्या ८ टक्क्यांच्या उदाहरणात दांडा दीड मीटरने लांबला तर ट्रकच्या चाकांपाशी २७ ऐवजी फक्त १५ सेंटिमीटर पाणी येतं. हा तुकडा ट्रेलर बनवणाऱ्यानेच त्या वजनासाठी दिलेला असावा. कुणाकडून तरी पाइप वेल्ड करून घेतलेला नको, कारण लांब दांड्यावर वाकवणारा जोर वाढतो. आणि तो फक्त रॅम्पवर वापरायचा, रस्त्यावर निघायच्या आधी आत सरकवून पिन लावायची. तिसरा उपाय, रोलरचा ट्रेलर. लाकडी फळ्यांच्या ट्रेलरवरून बोट जवळपास तरंगवूनच काढावी लागते, रोलरवरून मात्र ती कमी पाण्यातही घसरते. पण याच कारणासाठी रोलरच्या ट्रेलरवर विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या हाताच्या चक्रीचा) पट्टा पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर बोट काँक्रीटवर घसरेल.

किनाऱ्यावर पोचल्यावर

इथे घाई करणारे फार असतात. तुम्ही करू नका. शेवटचे काही किलोमीटर जरा सावकाश आणा, आणि पोचल्यावर रॅम्पच्या रांगेत सरळ न शिरता बाजूच्या मोकळ्या जागेत थांबा. अर्धा तास तरी ॲक्सल गार होऊ द्या. हा वेळ वाया जात नाही, कारण बोटीची बरीच तयारी इथेच करायची असते. तळाचं बूच लावणं, मागचे पट्टे सोडणं, दोर आणि फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लावायच्या गाद्या) बांधणं, सामान भरणं, इंजिन वर उचललेलं आहे ना बघणं. ही सगळी कामं पाण्यात उभं राहून केली की ट्रकही तेवढा वेळ पाण्यात राहतो. कोरड्यावर केली तर पाण्यातलं काम दोन-तीन मिनिटांत आटपतं.

ॲक्सल किती गार झाला ते हाताने कळतं. आधी हात डिफरन्शियलच्या जवळ नेऊन धग बघा, मग तळहात टेकवा. काही सेकंदांहून जास्त वेळ ठेववत नसेल तर अजून थांबा. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, त्याला चुकूनही हात लागू देऊ नका. ट्रेलरची हबही अशीच तपासा. त्यांच्या बेअरिंगलाही हीच ओढ लागते. ट्रेलरच्या हबवर स्प्रिंगने ग्रीसवर किंचित दाब ठेवणारी ‘बेअरिंग बडी’सारखी टोपणं बसवतात ती याच कारणासाठी, म्हणजे हब थंड झाल्यावर आत पाणी न येता ग्रीसच दाबलेलं राहतं.

ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग इथेच काढून ठेवा. तापलेले दिवे पाण्यात फुटतात आणि वायरिंगमध्ये पाणी गेलं तर ट्रकचेही फ्यूज उडतात.

पाण्यात

मागे घेताना ट्रकच्या मागच्या चाकाजवळ, पण गाडीच्या वाटेबाहेर, एक माणूस उभा ठेवा. त्याचं काम एकच, पाणी चाकावर कुठे आलंय ते सांगणं. ट्रेलरकडे तुम्ही आरशात बघताय, ट्रकचा ॲक्सल तुम्हाला दिसत नाही. टायरवर खडूने २० सेंटिमीटरची खूण केली तर त्याला ओरडून सांगायला सोपं जातं. ट्रकमध्ये दुसरं कुणी बसू नये, तुमच्या बाजूची काच खाली असावी आणि रॅम्पवर असेपर्यंत सीटबेल्ट सोडलेला असावा. गाडी पाण्यात घसरली तर बाहेर पडता यायला हवं.

ब्रेकबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असेल तर ‘पार्क’ही मागच्याच चाकांना धरतो. आणि तुमची मागची चाकं उभी आहेत ओल्या, शेवाळलेल्या जागेवर, कदाचित ड्रममध्येही पाणी शिरलंय. म्हणजे गाडीचा सगळा भार सगळ्यात निसरड्या दोन टायरांवर. म्हणून फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर रॅम्पवर शिरतानाच फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर) लावा. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले गेल्यावर ‘पार्क’ पुढच्या कोरड्या चाकांनाही धरतो. हँडब्रेक ओढा, मगच ‘पार्क’ लावा, आणि पुढच्या चाकांच्या पाण्याकडच्या बाजूला रबरी किंवा लाकडी ठोकळे बसवा. ठोकळ्यांना दोर बांधून ठेवला तर निघताना ते उचलायला वाकावं लागत नाही.

बोट तरंगली की लगेच निघा. गप्पा, फोटो, बोट बांधणं हे सगळं ट्रक वर गेल्यावर. सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली असेल तर इंजिन बंद करू नका, चालू इंजिनाचा धूर पाण्याला बाहेर ढकलत असतो. वर चढताना ॲक्सिलरेटर हळू दाबा. चाकं जागच्या जागी फिरायला लागली तर थांबा. पाण्यात वेगाने फिरणारं चाक गाळ आणि वाळू उडवतं, ती ब्रेकमध्ये आणि सीलच्या कडेला जाऊन बसते. शिवाय गरगर फिरणाऱ्या चाकाने अचानक पकड घेतली तर तो धक्का ॲक्सलच्या शाफ्टवर आणि डिफरन्शियलच्या गिअरवर येतो. पकड मिळत नसेल तर पाण्याबाहेरचा कोरडा माणूस ठोकळे लावेल, तुम्ही परत सावकाश प्रयत्न करा किंवा दुसऱ्या गाडीने पुढून ओढून घ्या.

बोट ज्या खोलीला मोकळी झाली ती ट्रेलरच्या मडगार्डवर टेपने किंवा रंगाने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी त्या खुणेपलीकडे जायचं कारण नाही. बोट परत चढवताना तर त्याहून कमी खोली पुरते. फळ्यांचा साधारण दोन-तृतीयांश भाग पाण्यात असला की बोट स्वतःला मध्यभागी लावून घेते, बाकीचं काम विंचचं. ट्रेलर जास्त खोल गेला तर बोट त्याच्यावर इकडेतिकडे तरंगते आणि वर ओढल्यावर वाकडी बसते. बोट चढवायला येताना मात्र ट्रक बहुधा बराच वेळ उभा राहून गार झालेला असतो, त्यामुळे ॲक्सलला खरा धोका सकाळी बोट सोडतानाच असतो.

बाहेर आल्यावर

रॅम्पपासून दूर जाऊन ब्रेक हलकासा दाबत थोडं अंतर चालवा, म्हणजे लायनर कोरडे होतील. ओले ड्रम ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा जवळजवळ धरतच नाहीत, हे लक्षात ठेवून अंतर राखा.

खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. स्प्रिंगचे पाटे, त्यांचे यू-बोल्ट, ॲक्सलच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकच्या केबल, चासीच्या आतल्या पोकळ्या, सगळीकडे भरपूर पण हलक्या धारेने पाणी सोडा. प्रेशर वॉशरची धार सील आणि ब्रीदरवर कधीही मारू नका. ती धार पाण्याला अशा जोराने सीलच्या कडेत घुसवते की रॅम्पवर जपलेलं सगळं घरी घालवाल. तापलेल्या ड्रमवरही लगेच पाणी मारू नका. नंतर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस निपल असतील तर नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरा, आत शिरलेलं पाणी जुन्या ग्रीसबरोबर बाहेर येतं. खाऱ्या पाण्यातून आलेला ट्रक अनेक दिवस हँडब्रेक ओढून उभा करू नका, लायनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागी चाकांना ठोकळे लावून उभा करा.

ऑईल तपासणं

सील बुडाले असतील, किंवा बुडाले की नाही याची खात्री नसेल, तर त्याच आठवड्यात ऑईल तपासा. बऱ्याच पिकअपच्या माहितीपुस्तिकेत ॲक्सल पाण्यात बुडाल्यास ऑईल बदला, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, म्हणजे न मिसळलेलं पाणी तळाशी बसेल. सकाळी आधी वरचा, ऑईल भरायचा बोल्ट सैल करून बघा. हा क्रम पाळाच. वरचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही खालून ऑईल आधीच काढलंत, तर परत भरायला वाट राहत नाही आणि गाडी हलवता येत नाही. वरचा सुटला की खालचा बोल्ट हळूच सैल करा आणि पहिले थेंब पांढऱ्या ताटलीत घ्या. आधी पाण्याचे थेंब आले, किंवा ऑईल दुधाळ दिसलं, तर उत्तर मिळालं. काही ॲक्सलना खालचा बोल्ट नसतो. तिथे वरच्या भोकातून पातळ नळीने तळाचं थोडं ऑईल ओढून बघता येतं, पूर्ण काढायला मात्र मागचं झाकण उघडावं लागतं.

दुधाळ झालेलं ऑईल गाडी पळवून सुधारत नाही. पूर्ण काढा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. पिठासारखा बारीक काळा थर नेहमीचा आहे, पण तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर गाडी मेकॅनिककडेच जायला हवी. तुकडे नसतील तर त्याच दर्जाचं स्वस्तातलं ऑईल भरा, मागची चाकं मजबूत स्टँडवर उचलून, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, दोन्ही मागची चाकं हाताने बराच वेळ फिरवा आणि ते ऑईलही काढून टाका. निघालेलं ऑईल दुधाळच असेल तर पुन्हा एकदा करा. मग माहितीपुस्तिकेत सांगितलेलं ऑईल भरा. ७५डब्ल्यू-९० आणि जीएल-५ हे आकडे बऱ्याच गाड्यांना चालतात, पण तुमच्या गाडीला काय लागतं ते पुस्तिकाच सांगेल. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल तर वेगळं मिश्रणही टाकावं लागू शकतं. गाडी सपाट असताना ऑईल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की बहुतेक ॲक्सलमध्ये पातळी झाली.

निघालेलं ऑईल बंद डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याकडे द्या, ज्या पाण्यात बोट उतरवायची तिथे ते पोचायला नको.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा थोडं ऑईल काढून बघा. स्वच्छ असेल तर नेहमीच्या वेळापत्रकावर परत या. पाण्यात न जाताही परत दुधाळ झालं असेल तर आधीचं पाणी उरलं होतं, अजून एकदा बदला. पाण्यात गेल्यावरच दुधाळ होत असेल तर सील गेलेली आहेत. चाकाकडचं सील बदलताना शाफ्टवर सीलच्या कडेने घासून खाच पडली आहे का ते नखाने तपासा. खाच लागत असेल तर नवं सीलही तिथे टिकणार नाही, शाफ्टची ती जागा दुरुस्त करून घ्यावी लागेल. पिनियनचं सील स्वतः बदलायच्या फंदात नवख्याने पडू नये. त्याचा नट किती आवळला यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरतो, आणि तो चुकला तर नव्या सीलसकट बेअरिंग जातात.